दहा मिनिटं पुढचा साक्षीदार

मी एक जुनं हजेरीचं घड्याळ आहे. पत्र्याचं अंग, काचेमागे काटे आणि पोटाशी कार्ड घालायची फट. कार्ड आत सरकवलं की मी ठक्कन वेळ छापायचो. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, छापलेलं खोटं कसं असेल? मलाही तसंच वाटायचं.

चादरी धुण्याच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं दाराशी होतो. सुरुवातीला काय तो मान! रोज पुसायचे. मालक पाहुण्यांना सांगायचे, "हे कोणी काका-मामा बघत नाही. अगदी निःपक्ष!" मीही फुगून जायचो, खोटं कशाला बोलू?

पुढे मुकादमाने शक्कल लढवली. लोक वेळेत यावेत म्हणून मला दहा मिनिटं पुढे करून ठेवलं. सुटीचा भोंगा मात्र मालकाच्या खोलीतल्या घड्याळावर वाजायचा. कामगारांनी काय करावं? मुकाट्याने आपापली मनगटी घड्याळंही माझ्याशी जुळवून घेतली.

वाफेचा वाल्व एक मावशी सांभाळायच्या. पाळी आठची. त्या दिवशी त्यांच्या कार्डावर मी आठ पाच छापले. खरे वाजले होते सात पंचावन्न. बरोबर आठला पाइप फुटला आणि इस्त्रीवरच्या ताईचा हात भाजला. मावशींनीच धावत वाल्व बंद केला, ताईला ओढून बाहेर काढलं. मुकादमाने रुग्णवाहिका बोलावली.

चौकशीला साहेब आले. रुग्णवाहिकेकडे फोनची नोंद होती आठ वाजून एक मिनिटाची.

"तुमचं कार्ड आठ पाचचं. पाइप फुटला तेव्हा तुम्ही आतच नव्हता," साहेब म्हणाले.

"अहो साहेब, वाल्व मीच बंद केला! हे घड्याळ दहा मिनिटं पुढे असतं, कोणालाही विचारा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाकडे. सेकंदाचाही फरक नाही! साहेब येण्याच्या आदल्या संध्याकाळी मुकादमाने मला गुपचूप खऱ्या वेळेवर आणलं होतं.

डोळ्यांनी पाहिलेलं सांगायला तीन बायका पुढे आल्या. पाइप किती वाजता फुटला, असं विचारल्यावर तिघी एका सुरात म्हणाल्या, "आठ दहा." एकीने पुरावा म्हणून मनगट पुढे केलं.

"तुमची घड्याळं चुकीची, कारखान्याचं बरोबर," साहेब हसले. "पढवून आणलंय तुम्हाला."

ताईने दवाखान्यातून निरोप पाठवला होता, "मावशींनीच मला वाचवलं." साहेबांनी तो ऐकीव म्हणून बाजूला सारला. लेखी पुरावा माझा होता ना!

मेल्या मुकादमा! तो कोपऱ्यात हाताची घडी घालून उभा होता. मला तोंड असतं तर तिथेच त्याचं पितळ उघडं पाडलं असतं.

मावशींना कामावरून काढलं. जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "लोक म्हणतील, मी ताईला जळू दिलं," एवढंच बोलल्या. दुसऱ्या सकाळी मी पुन्हा दहा मिनिटं पुढे. सगळ्यांनी निमूट कार्डं घातली.

आता मी अडगळीत गंजतोय. बरं झालं. जुन्या वस्तू जपा, असं आत्मवृत्त सांगणारे आमच्यातले बरेच जण शेवटी विनवतात. मला नका जपू, मित्रांनो. उद्या कोणी कळवळून सांगितलं, "मी तिथेच होते," तर कागद बघा, यंत्र बघा, सगळं बघा. पण त्या माणसाला खोटं ठरवायची घाई करू नका. मावशींच्या कार्डावर माझा छाप अगदी ठळक, स्वच्छ उमटला होता.