टाकी पुसू नका

मी मुर्धा गावच्या तुळशीरामची मोटारसायकल बोलतेय. वय वीस वर्षं. या वयात माणसाच्या लग्नाचं बघतात, आमच्या भंगाराचं. म्हणून कोणी माझ्याकडे दोन मिनिटांहून जास्त बघितलं, की मला शंका येते.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतात ते रविवार. तुळशीराम आणि त्याची बायको हौसाबाई सकाळीच निघायची. वाटेत राई, मोर्वा, डोंगरी ही गावं, मग उत्तन. रस्ता असा अरुंद, की समोरून बस आली तर आपण कुंपणाला चिकटायचं. ताडाची झाडं मागे पडली, वळण संपलं, की समोर समुद्र आणि काठ्यांवर वाळत घातलेले बोंबील. तुळशीरामचा जन्म मिठागरावर गेलेला. पाणी सुकेपर्यंत थांबायची सवय, त्यामुळे मला त्याने कधी पळवलं नाही.

हौसाबाई मागे बसून सारखी बोलायची. "राई आली... पुढं शाळा हाय... गतिरोधक हाय, अवो, हळू." लोक म्हणायचे, बाईच्या तोंडाला झाकण नाही. खरं काय ते मला ठाऊक होतं. ती त्याला पाट्या वाचून दाखवायची.

तुळशीरामला वाचता येत नाही. लायसनच्या वेळी त्याने खुणा चित्रांसारख्या पाठ केल्या होत्या. सकाळी ओट्यावर तो पेपर धरून बसतो, तो नुसता धरतो. ही गोष्ट हौसाबाईला आणि मला, दोघींनाच माहीत. पोटच्या परेशलाही नाही. त्याने बायकोला शपथ घातली होती.

मग हौसाबाईचे गुडघे गेले. तिचं मागे बसणं सुटलं. तुळशीराम एकटाच निघू लागला, आणि एका रविवारी खाडीकडच्या गल्लीत त्याने मला सरळ खड्ड्यात घातलं. पाइप टाकायला खणलेला चर होता. माझा दिवा फुटला, त्याचं कोपर सोललं.

"बाबा, एवढा मोठा बोर्ड लावलाय अलीकडे," परेश म्हणाला. "दिसला नाही?"

तुळशीरामने कोपरावरची माती झटकली. "न्हाय दिसला," म्हणाला.

हौसाबाईने पदराचं टोक तोंडात धरलं.

परेशने किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. "पुढच्या सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. भिंतीवरची अक्षरं वाचता आली तर ठीक. नाहीतर गाडी विकायची."

आता सांगा, ती अक्षरं वाचणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी परेशची बायको समिधा माझ्याजवळ आली. लग्नाला वर्ष झालेलं, नोकरी हाटकेश भागातल्या चष्म्याच्या दुकानात. तिने माझे फोटो काढले. पुढून, मागून, नंबरप्लेटचा जवळून. टायर दाबून बघितला. मी मनात म्हटलं, झालं, गिऱ्हाईक सापडलं.

रविवारी ती किल्ली घेऊन आली. "बाबा, मला उत्तन दाखवा ना. तुमच्याच गाडीवर."

"परेसला इचारलंस?"

"तो झोपलाय."

गोड बोलणं मला आधीपासून सोसत नाही. उत्तनला कोणी भंगारवाला उभा असणार, याची मला खात्रीच होती. मी दोनदा बंद पडून बघितलं. तुळशीरामने पुन्हा किक मारली.

मागे बसल्या बसल्या तिची चौकशी सुरू झाली. "बाबा, त्या पाटीवर काय लिहिलंय?"

"चष्मा न्हाय आणला."

जरा पुढे गेल्यावर, "आणि या दुकानाचं नाव?"

"दुकान काय, दुकानच हाय."

समुद्र दिसला तशी ती म्हणाली, "थांबवा जरा." मी इकडेतिकडे बघितलं. टेम्पो नाही, गिऱ्हाईक नाही. तिने लांबच्या होड्यांकडे बोट केलं. "त्यातली ओळखीची एखादी आहे?"

"ती निला फडका लावलेली होडी बालाची. तो मागल्या बाजूला बसून जाला सांधतोय. डोक्याला टॉवेल बांधलाय."

समिधाने डोळे बारीक केले. तिला ठिपक्यापलीकडे काही दिसलं नसावं.

वारा खारट होता, माझ्या टाकीवर धूळ चिकटून बसली होती. तिने बोटाने धुळीत तीन दात्यांची फणी काढली. "हिचे दाते कुठल्या बाजूला?"

"उजवीकडं."

ती पुसून दाते वरच्या बाजूला काढले, मग डावीकडे. मग वीस पावलं लांब जाऊन तशीच तीन बोटं उभी-आडवी धरली. त्याचं एकही चुकलं नाही.

ती परत आली. "आमच्याकडे अक्षरं नसलेलासुद्धा तक्ता असतो, बाबा. उद्या डॉक्टरांना मी तोच लावायला सांगते. डोळे तुमचे उत्तम आहेत. घरी मी एवढंच सांगणार."

तुळशीराम समुद्राकडे बघत राहिला. मग माझ्या हँडलला म्हणाल्यासारखं म्हणाला, "त्या चराच्या बोर्डावर काय लिवला व्हता?"

"रस्ता बंद."

"दोनच शब्द?"

"दोनच."

तो हसला. कोपरावरची पट्टी चाचपत हसला. "दोन शब्दांपायी कातडी गेली." आणि थोड्या वेळाने, "पयला कसा काढतात?"

तिने टाकीवर ‘र’ काढला. त्याच्या जाड बोटाने दुसरा काढला, पाय मोडलेल्या खेकड्यासारखा.

सोमवारी डॉक्टरांनी काय सांगितलं, ते किल्ली खुंटीवर परत आली तेव्हाच कळलं. संध्याकाळी हौसाबाई काठी टेकत बाहेर आली. टाकीवरची दोन अक्षरं बघितली, पदराने पुसायला हात पुढे केला, आणि मागे घेतला.

मला नवा दिवा बसलाय, समिधानेच आणलेला, अगदी माझ्या मापाचा. रविवारी समिधा मागे बसते, पाट्या वाचते, अगदी स्वतःशीच वाचल्यासारख्या. तरी माझे ते फोटो कशाला काढले, हे तिने अजून सांगितलेलं नाही. माझी नजर तिच्यावर आहे.

तुम्हाला एक विनंती. डोंगरीच्या उतारावर जुनी गाडी उभी दिसली आणि टाकीवर वेडीवाकडी अक्षरं असली, तर चांगुलपणाने फडकं मारू नका. आणि कोणी म्हातारा म्हणाला, चष्मा विसरलो, तर पाटी जरा मोठ्याने वाचा. त्याच्याकडे न बघता.

काल ‘रस्ता’ पुरा झाला. ‘बंद’ यायला अजून वेळ आहे.