कोबीवरचा पांढरा थर

परवा रात्रभर संजनाचा डोळा लागला नाही, तो माझ्यामुळे. तिला मी विष वाटलो. मी कोबीच्या पानावरचा पांढुरका थर. राग आलाय, म्हणून बोलतोय.

माझा जन्म मखमलाबाद रोडला, भागुबाईच्या वाफ्यात. पान वाढत गेलं तसं त्यानंच मला आतून काढून अंगावर ओढून घेतलं. माझ्यात मुख्य ऐवज नोनाकोसेनचा: कार्बनच्या एकोणतीस अणूंची लांब माळ आणि तिला लगडलेले हायड्रोजन. पाण्याशी माझं हाडवैर. थेंब पडला की गोळी होऊन घरंगळतो. पोटात गेलो, तर गेलो तसा बाहेर पडतो.

ही माळ संजनानं बी.एस्सी.ला वहीत काढली होती. मार्कही बरे पडले होते. पण मोबाईलवर कुणीतरी पाठवलं, 'कोबीवरचं पांढरं म्हणजे फवारणीचं औषध', आणि वही हरली. नेमकं त्याच संध्याकाळी तिच्या चार वर्षांच्या मुलीनं, दिशानं, आई चिरत असताना कच्चा कोबी खाल्ला होता.

मग उरलेला गड्डा तिनं भांड्यांच्या साबणानं, कोमट पाण्यात, घासणीनं घासला. मी अर्धाअधिक निघालो. उघडं पडलेलं पान सकाळपर्यंत लिबलिबीत झालं. याला माया म्हणतात. मी सोलणं म्हणतो.

सकाळी तो गड्डा पिशवीत आणि दिशा कडेवर, अशी ती भागुबाईच्या पाटीपाशी आली.

"मावशी, यावर काय मारलंय? खरं सांगा."

"ते पानाचं सोताचं मेण हाय, ताई." भागुबाईनं ताज्या गड्ड्यावर पाणी शिंपडलं. थेंब पळाले. "बघा."

"म्हणजे तुम्ही फवारतच नाही?"

"फवारते ना. खोटं कशाला बोलू? पण मेणावर औषध ठरतच नाय. त्यात चिकटायचं काहीतरी घालावं लागतं, साबणावानी. ते वरच्या पानांना धरतं, म्हणून ती पानं मी काढूनच विकते. तुम्ही हा कशानं धुतला?"

संजनानं गड्डा पुन्हा पिशवीत ढकलला. औषधातलं ते चिकटवणारं आणि भांड्यांचा साबण, असे माझे दोन वैरी एकाच कुळातले निघाले, आणि त्यातला एक तिच्या सिंकवर होता.

"मेसेज आला होता," ती पुटपुटली. मला कीव आली नाही. घासायच्या आधी थेंबभर पाणी टाकून बघायला कितीसा वेळ लागतो?

"ते जाऊ द्या," भागुबाई म्हणाली. "पोरीचं पोट दुखलं का?"

संजनानं घाबरून दिशाकडं पाहिलं.

"पोट नाही दुखत," दिशा म्हणाली. "जीभ दुखते. आईनं तीपण घासली."