जसंच्या तसं

मुलांनो, दोन्ही कान तळव्यांनी घट्ट दाबा आणि कुणाला तरी बोलायला सांगा. ओठ हलताना दिसतील, शब्द मात्र हाती लागणार नाहीत. भिंगरीच्या आईचं जग जन्मापासून असंच होतं. लोकांचं बोलणं खुणांनी आईपर्यंत पोचवायचं काम नऊ वर्षांच्या भिंगरीकडे. हात सारखे फिरायचे, म्हणून तर तिला ते नाव पडलं.

त्यांची इमारत जळाली त्याला तीन आठवडे झाले होते. मायलेकी एका शाळेच्या सभागृहात चादरीच्या आडोशाला राहत होत्या, आणि येत्या शनिवारी सभागृह रिकामं करायचं होतं. आई शिवणकारखान्यात काज-बटणं करायची. काम सुटलं की दोघी खोली शोधायला निघायच्या.

पहिला घरमालक भिंगरीला म्हणाला, बहिऱ्यांची कटकट नको. तिनं आईला खुणेनं सांगितलं, "खोली कालच गेली." दुसऱ्यानं विचारलं, हिला हाक कशी मारायची, ढोल बडवून? तीही खोली कालच गेली. असं सहा घरी झालं. आईच्या जिवाला लागू नये म्हणून पोर एकटीच सगळं गिळत होती.

गुरुवारी सातव्या घरी खोली छान निघाली. मोठी खिडकी, मोरीला नवा नळ, शिलाई मशीनपुरता कोपरा. आईनं तो कोपरा वितीनं मोजलासुद्धा. पण त्या जळालेल्या इमारतीतून आल्या हे कळताच घरमालकीणबाईंचा चेहरा उतरला.

"आग लागली तर हिला ओरडूनही कळायचं नाही गं," त्या हळूच म्हणाल्या. "नको बाई. माझी झोप उडेल."

भिंगरीचे हात उठले. "खोली कालच..." आईनं तिची बोटं धरली. मग सावकाश खुणा केल्या, "गेलेली खोली कुणी दाखवतं का? सहा घरचे चेहरे वाचलेत मी. मला जसंच्या तसं सांग. मी तुझी आई आहे, तू माझी नाहीस."

भिंगरीनं सांगितलं. सहाही घरांचं सांगितलं. आईनं उत्तर दिलं ते तिनं मोठ्यानं म्हटलं.

"आई म्हणते, आग लागली त्या दुपारी कानवाले सगळे झोपले होते. धुराचा वास तिलाच आला. बारा दारं बडवली तिनं. आत राहिलं ते फक्त आमचं सामान."

बाईंनी किल्ली बोटांत फिरवली. "खरं असेल, बाळा," त्या म्हणाल्या. "पण माझी भीती काही जात नाही."

तेही भिंगरीनं जसंच्या तसं सांगितलं. आईनं मान डोलावली, कोपऱ्याकडे एकदा पाहिलं आणि पिशवी उचलली.

आठव्या घराची घंटा आईनं वाजवली. दार उघडलं. समोरचा माणूस काही विचारायच्या आत भिंगरी पुढे झाली आणि म्हणाली, "माझ्या आईला ऐकू येत नाही. जे काय बोलायचं ते तिच्याकडे बघून बोला. मी तिला सगळं सांगणार आहे."