आपल्यात असं कोणी नाही

आयर्लंडमधल्या चेरीवूडजवळच्या शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा गणपती बसला होता आणि मागच्या स्वयंपाकघरात उल्का सकाळपासून दीडशे माणसांचा मसालेभात करत होती. पाय भरून आले होते. पण एकदा बसलं की उठवणार नाही, हे तिला माहीत होतं.

मंडळाला उल्काच्या हाताची चव ठाऊक होती. तिच्या घरात कुणाकडेच आयर्लंडमध्ये राहण्याचा परवाना नाही, हे ठाऊक नव्हतं. नवरा विलास नोकरीच्या परमिटवर आला, कंपनी बुडाली, परमिट संपलं. लेक भार्गवी तेव्हा चार वर्षांची होती. परत जाऊ, जाऊ म्हणता चौदा वर्षं गेली. मध्ये सरकारने परवाना देण्यासाठी अशा लोकांकडून सहा महिने अर्ज मागवले होते. पण अर्ज भरायला मदत करत होती मंडळातलीच पूर्णिमा, म्हणून ही दोघं फिरकलीच नाहीत. चार लोकांत कळेल या धास्तीपायी पोरीच्या भविष्यावर पाणी सोडलं! आम्ही सुशिक्षित माणसं अब्रू जपतो ती अशी.

आता भार्गवीला लीव्हिंग सर्टला, म्हणजे इथल्या बारावीला, उत्तम गुण मिळाले होते, कॉलेजात जागाही मिळाली होती. पण कागद नाहीत म्हणून फी लागणार होती परदेशी विद्यार्थ्याची, इथल्या मुलांच्या कैक पट. ती झेपणारी नव्हती. तरी मंडळाच्या गुणगौरवाच्या फॉर्मवर उल्काने कॉलेजचं नाव लिहून टाकलं. तेवढी जागा कोरी ठेवणं तिच्या जिवावर आलं.

"मम, डोन्ट लेट देम कॉल माय नेम," भार्गवी ताटं पुसता पुसता म्हणाली. "आय'म नॉट गोइंग एनीव्हेअर, लाइक."

"फूल देतील, टाळ्या वाजवतील, संपेल गं. नुसतं हो म्हण."

तेवढ्यात पूर्णिमा आत आली. ती मेनूथच्या विद्यापीठात संशोधन करत होती. तिच्या मागोमाग अध्यक्ष शैलेंद्र आला, ग्रँड कॅनाल डॉकच्या एका बड्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला.

"दादा, या पत्रावर मंडळाच्या सह्या हव्यात. सगळी शाळा इथे शिकलेल्या मुलांना इथलीच फी लावा, आईवडिलांचे कागद असोत-नसोत. एवढंच आहे त्यात."

"अगं, आपण सगळं रीतसर केलं. इमिग्रेशनच्या रांगा लावल्या, टॅक्स भरला. आणि यांनी शॉर्टकट मारायचा? इट्स नॉट फेअर यार."

"मुलांनी कसला शॉर्टकट मारला? चार वर्षांचं पोर विमानात चढताना कागद बघतं का?"

"ते ठीक आहे गं. पण आपल्यात असं कोणी नाही. मंडळाला कशाला मध्ये ओढायचं?" शैलेंद्रने चमचाभर भात चाखला. "उल्काताई, एकदम ग्रँड झालाय हं!"

तो गेला. माणूस तसा मनाने वाईट नव्हता. उल्काच्या हातातला डाव मात्र तसाच राहिला. भार्गवी तिच्याकडे बघत होती, रागाने नव्हे, थकून. अठराव्या वर्षी लेकीच्या तोंडावर आपलाच थकवा बघून उल्काला रडू फुटलं. वडील गेले तेव्हा फोनच्या पडद्यावर चिता बघतानाही ती इतकी रडली नव्हती.

आरती झाली. भार्गवीचं नाव पुकारलं गेलं, टाळ्या झाल्या.

"कुठलं कॉलेज? सांग सगळ्यांना!" शैलेंद्रने माईक पुढे केला.

भार्गवीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. एप्रनला हात पुसत उल्का पुढे आली. घाबरायलाही बळ लागतं, आणि ते तिच्यात उरलं नव्हतं.

"माईक मला द्या, दादा. फॉर्मवर मी लिहिलं ते खोटं आहे. ही कुठल्याच कॉलेजात जाणार नाही. आमच्याकडे कागद नाहीत. आपल्यात असं कोणी नाही, म्हणालात ना मघाशी? आम्ही आहोत. चौदा वर्षं तुमच्यातच आहोत."

उल्काने पूर्णिमाच्या हातातून पत्र घेतलं आणि तिथेच सही केली. कितीतरी वर्षांनी तिने एखाद्या कागदावर आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं.

मग ती भाताच्या पातेल्यामागे जाऊन उभी राहिली. जेवणाची वेळ झालीच होती. रांग लागली. सगळ्यांत पुढे शैलेंद्र होता. तिने नेहमीसारखा भात वाढला, वर तूप घातलं. पातेल्याशेजारी पत्र होतं, पत्रावर पेन.

"तेवढं बघा, दादा," ती म्हणाली.

शैलेंद्र ताट धरून उभाच राहिला. मागे सगळी रांग थांबली होती, आणि पुढे सरका असं कोणीच म्हणत नव्हतं.