लिटरमागे दीड किलोमीटर कमी

"खरं सांगा राव, ह्या गाडीनं तुम्हाला फसवलं, की तुम्ही मला?"

विशालाक्षी अम्मांनी आपली गाडी वर्कशॉपच्या फाटकात आडवीच उभी केली होती आणि खाली न उतरता, काच उतरवून त्या विचारत होत्या. वय एकाहत्तर. साक्कोट्टैच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. मागे दोन रिक्षा आणि दुधाची एक गाडी हॉर्न वाजवत होती, तिकडे त्यांचं अजिबात लक्ष नव्हतं.

चंद्रमौळीराव काउंटर सोडून लगबगीनं बाहेर आले. "अम्मा, आधी गाडी आत घ्या. मग बोलू."

"आधी उत्तर द्या. मग घेते."

कुंभकोणमच्या मेरुवान मोटर्सच्या ह्या सर्व्हिस सेंटरात चंद्रमौळीराव बावीस वर्षं काउंटरवर बसत होते. आलेल्या गाडीची तक्रार लिहून घ्यायची आणि तिला काय झालंय ते मालकाला समजेल अशा शब्दांत सांगायचं, हे त्यांचं काम. गावात सगळे त्यांना 'राव सार' म्हणत. तंजावूरच्या दरबाराच्या काळात इकडे येऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी त्यांचं एक. रस्त्यावर तमिळ आणि उंबऱ्याच्या आत मराठी, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं.

मेरुवानची डिझेल गाडी सात वर्षांपूर्वी आली, तेव्हा ती विकायचं काम काही रावांचं नव्हतं. पण लोक शोरूममध्ये गाडी बघत आणि मग मागच्या दारानं येऊन रावांना विचारत. राव इंजिन सुरू करायचे, खिशातला धुतलेला पांढरा रुमाल धुराच्या नळीसमोर तीन मिनिटं धरायचे आणि मग त्याच रुमालानं स्वतःचा चष्मा पुसायचे. एवढं पाहिल्यावर आणखी कोणी काही विचारत नसे. गावात आणि आजूबाजूच्या खेड्यांत मिळून अशा दोनशे बारा गाड्या गेल्या. त्यांतली एक विशालाक्षी अम्मांची.

मग एप्रिलमध्ये पेपरात आलं. एका प्रयोगशाळेनं चालत्या गाडीवर यंत्र बसवून मोजलं, तेव्हा कळलं की ह्या गाडीतला संगणक परीक्षा ओळखतो. चाकं फिरतायत पण स्टिअरिंग हलत नाही, म्हणजे आपण तपासणीच्या फिरत्या रुळांवर आहोत, हे त्याला बरोबर समजतं. तेवढा वेळ तो शहाण्यासारखा वागतो. रस्त्यावर आला की कितीतरी पट विषारी वायू सोडतो. त्या वायूला रंग नसतो, त्यामुळे रुमाल पांढराच राहतो. रावांनी ती बातमी उभ्यानं दोनदा वाचली. त्या दिवसापासून त्यांनी पांढरा रुमाल बाळगणं सोडलं.

आता कंपनीनं संगणकाची ही लबाडी बंद करणारी दुरुस्ती काढली होती आणि लोकांना काय सांगायचं त्याचं एक छापील कार्डही पाठवलं होतं. फाटकात उभं राहून रावांनी ते अम्मांना वाचून दाखवलं. "ही एक ऐच्छिक सुधारणा आहे. तुमच्या गाडीच्या चालण्यात कोणताही फरक जाणवणार नाही."

अम्मांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "माझ्या वर्गात मुलं असंच म्हणून दाखवायची. अर्थ विचारला की गप्प. दुरुस्त केलेली गाडी तुम्ही स्वतः चालवून पाहिलीत?"

"नाही, अम्मा."

"मग कशाच्या जोरावर सांगता?" असं म्हणून त्यांनी काच वर केली, मागच्या रिक्षांना हटवलं आणि गाडी उलटी घेऊन त्या निघून गेल्या.

पाच आठवड्यांत दोनशे बारांपैकी फक्त नऊ गाड्या दुरुस्तीला आल्या होत्या.

दुपारी राव जेवायला घरी गेले. नागलक्ष्मी, त्यांची बायको, पोस्टात होती. तीही दुपारच्या सुट्टीत घरी यायची. तिनं पान वाढलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"मुख कां उतरलें? कोण काय म्हटलें?"

"विशालाक्षी अम्मा आल्या होत्या. दुरुस्त केलेली गाडी तुम्ही चालवून पाहिली का म्हणून विचारल्या."

"पाहिली नाही?"

"कोणाची चालवूं? नऊच तर जाल्या."

"आणि दारांत उभी आहे ती कोणाची?"

राव ताकभात कालवायचे थांबले. दारातली निळी गाडी त्याच जातीची होती. दुरुस्तीसाठी तिचा दिवस त्यांनी तीनदा पुढे ढकलला होता.

"ती बरी चालते, लक्ष्मी," ते हळूच म्हणाले.

"तेच म्हणतें मी. आपली बरी ठेवायची आणि लोकांची बिघडवायची?" तिनं आणखी भात वाढला. "उद्यां घेऊन जा. मी चालत जाईन पोस्टांत."

दुसऱ्या दिवशी रावांनी मेकॅनिक बालाला बरोबर घेतलं. बाला चाळिशीचा, मोजकं बोलणारा. टाकी काठोकाठ भरून दोघं पापनाशम्‌ला जाऊन आले. वाटेतला रेल्वेवरचा पूल निळी गाडी नेहमीसारखी चौथ्या गिअरमध्ये चढली. परत येऊन त्यांनी टाकी पुन्हा भरली आणि किती डिझेल गेलं ते लिहून ठेवलं. मग बालानं तासाभरात दुरुस्ती केली आणि ते पुन्हा त्याच रस्त्यानं, त्याच वेगानं निघाले. ह्या खेपेला पूल अर्धा चढला आणि गाडी रुसली. रावांनी अॅक्सिलरेटर दाबला, तर ती नुसतीच गुरगुरली. शेवटी तिसरा गिअर टाकावा लागला.

"सार," बाला म्हणाला, "एका तासात म्हातारी झाली."

राव इतके हसले की पुलाच्या माथ्यावर त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली. खाली कावेरीकाठची भाताची खाचरं पसरली होती, वारा छान सुटला होता. बऱ्याच आठवड्यांत ते असे हसले नव्हते.

परत आल्यावर त्यांनी हिशेब मांडला आणि दोन्ही खेपांत धुराच्या नळीला लावलेल्या, कंपनीनंच दिलेल्या वायुमापकाचे आकडे ताडून पाहिले. मग मागच्या खोलीतला काळा फळा बाहेर काढून त्यांनी फाटकाशी टांगला आणि त्यावर मोठ्या तमिळ अक्षरांत लिहिलं:

'मेरुवान डिझेलची दुरुस्ती झाल्यावर पूल चढताना तिसरा गिअर लागेल. लिटरमागे दीड किलोमीटर कमी. विषारी वायूचा सातवा हिस्साच उरेल. पटत नसेल तर माझी निळी गाडी चालवून पाहा. चंद्रमौळी राव.'

पहिला आला तो तिरुनीलक्कुडीचा एक शेतकरी. फळा वाचून त्यानं किल्ली मागितली, पुलावर जाऊन आला. "फार नाही बिघडली," असं म्हणून त्यानं आपली गाडी बालाच्या स्वाधीन केली आणि बसनं गावी गेला. गेल्यावर त्यानं काय सांगितलं कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी त्याच गावाहून तीन गाड्या आल्या. आठवड्याभरात निळ्या गाडीसाठी बाकावर बसून लोक वाट पाहू लागले. काही तर डिझेल गाडी नसतानाही नुसते पुलावर फिरून यायला येत. बाला खडूनं भिंतीवर खेपा लिहून ठेवायचा.

सरकारी दवाखान्यात मुलांच्या वॉर्डात काम करणारी लावण्या नावाची नर्स वडिलांची गाडी घेऊन आली. तिनं निळी गाडी मागितलीच नाही. फळ्यावरच्या सातव्या हिश्शाच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे तुम्ही स्वतः मोजलंत?"

"बालानं आणि मी. दोनदा."

"आमच्या वॉर्डाच्या रस्त्याकडच्या खिडक्या सकाळी नऊनंतर बंद ठेवतो, सार. धाप लागलेली पोरं असतात. तिसरा गिअर काय, दुसरा लागला तरी चालेल." आणि तिनं किल्ली टेबलावर ठेवली.

दहाव्या दिवशी चेन्नईहून सुष्मिता आली. ही मेरुवानची विभागीय अधिकारी, तिशीतली, हुशार मुलगी. राज्यात सगळीकडे दुरुस्तीचं काम रखडलेलं असताना कुंभकोणममध्ये चौऱ्याहत्तर गाड्या कशा झाल्या, ते बघायला ती आली होती. फाटकाशी आली आणि फळा वाचून जागच्या जागी थांबली.

"राव सार, हे काय? फरक जाणवणार नाही, असं आपण सांगतोय."

"जाणवतो, मॅडम."

"किती?"

"चला, दाखवतो."

तेवढ्यात विशालाक्षी अम्मांची गाडी आली. फळ्याची बातमी साक्कोट्टैला पोचली होती. सगळं ऐकून घेतल्यावर अम्मा सरळ निळ्या गाडीच्या स्टिअरिंगपाशी जाऊन बसल्या. राव त्यांच्या शेजारी बसले आणि सुष्मिता मुकाट्यानं मागे.

गल्लीतून बाहेर पडता पडता राव म्हणाले, "अम्मा, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं. गाडीनं मला फसवलं. पण कार्ड वाचून दाखवलं ते मीच."

पुलावर अम्मांनी चौथा गिअर शक्य तितका वेळ धरून ठेवला, गाडी थरथरायला लागली तेव्हा शांतपणे तिसरा टाकला. "हं. हे आधी सांगायला काय झालं होतं?" मग आरशातून मागे पाहत विचारलं, "तू कंपनीची?"

"हो, मॅडम."

"ते कार्ड तू लिहिलंस?"

"माझ्या टेबलावरून पुढे गेलं. वाचून मी सही केली."

"मग आता नीट लिहून आण."

सुष्मिता खिडकीबाहेर पाहत राहिली. "ऑफिसात दर सोमवारी एकच प्रश्न असतो," ती म्हणाली, "लोक पुन्हा आपल्या दारात येतील का. त्यासाठी तज्ज्ञ नेमलेत." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "परत जाताना मी चालवू?"

अम्मांनी लगेच जागा दिली. त्या दिवशी चौऱ्याहत्तरच्या पंच्याहत्तर गाड्या झाल्या.

तीन आठवड्यांनी चेन्नईहून पाकीट आलं. नव्या कार्डावर पुलाचा उल्लेख नव्हता, पण चढावर ओढ कमी होईल, डिझेल जास्त लागेल, असं स्वच्छ लिहिलं होतं. राज्यातल्या सगळ्या सेंटरांना तेच गेलं होतं. सोबत दुसरंही एक पत्र होतं. परवानगीशिवाय कंपनीच्या नावानं मजकूर लिहिल्याबद्दल चंद्रमौळीरावांना काउंटरवरून हलवून मागच्या शेडमध्ये दुरुस्तीच्या देखरेखीवर नेमण्यात येत आहे.

सुष्मिताचा फोन आला. "मी खूप भांडले, राव सार. कार्ड बदलून घेतलं, तेवढंच जमलं."

"तेच तर हवं होतं, मॅडम. आणि शेडमध्ये पंखा चांगला आहे."

फोन ठेवल्यावर मात्र ते बराच वेळ काउंटरपाशी उभे होते. खण रिकामा करताना तिथे बावीस वर्षांत साठलेली लग्नपत्रिकांची चळत निघाली, सगळ्या गिऱ्हाइकांच्या घरच्या. ती त्यांनी पिशवीत घातली.

घरी नागलक्ष्मीनं शेडमधला खाकी कोट उलटासुलटा करून पाहिला आणि बाह्या दोन बोटं आखूड करून दिल्या. "घाला पाहूं." त्यांनी घातला. "बरा दिसतां. काउंटरावर बसून पोट सुटलें होतें, तेंही उतरेल आतां."

आणि खरंच, शेडमधले दिवस वाईट गेले नाहीत. आडी हा तमिळ महिना संपला तोवर एकशे एक्याण्णव गाड्या झाल्या होत्या. आडी अशुभ मानतात, त्यात नवी गाडी कोणी घेत नाही. पण त्याआधीचे तीन महिनेही शोरूममधून एक गाडी बाहेर पडली नव्हती.

पुढच्या, आवणी महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एक बाहेर पडली. छोटी, पेट्रोलवरची, पांढरी. लावण्यानं स्वतःच्या कमाईतून घेतलेली. गुरुजींनी पूजा केली, चाकांखाली लिंबं ठेवली. काउंटरवर आता हेमंत नावाचा नवा माणूस होता. त्यानं फोटोसाठी मोठी पुठ्ठ्याची किल्ली आणली, तेव्हा लावण्या म्हणाली, "राव सारांना बोलवा ना."

हेमंत क्षणभर घुटमळला, मग स्वतःच शेडमध्ये गेला.

राव गाडी उचलायच्या लिफ्टखाली होते. त्यांनी साबण लावून हात दोनदा धुतले. नखांतलं काळं काही निघालं नाही. तसेच ते उन्हात आले, आधी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून चारही टायर दाबून पाहिले. मागच्या उजव्या चाकात हवा कमी होती, ती भरायला लावली. मग खरी किल्ली दोन्ही तळव्यांवर ठेवून त्यांनी पुढे केली. लावण्यानंही ती दोन्ही हातांनी घेतली.

लिंबं फुटली, गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली.

"बसा ना सार, कॉफी मागवतो," हेमंत म्हणाला आणि त्यानं काउंटरमागची खुर्ची पुढे ओढली.

रावांनी खुर्चीकडे एकदा पाहिलं. "बाला एकटाच आहे," ते म्हणाले, आणि कोटाची बटणं लावत शेडकडे चालू लागले.