दोन पातळ्यांमधला फरक

क्षयावर तेव्हा औषध नव्हतं. आमच्या डोंगरावरच्या सॅनेटोरियममध्ये डॉक्टर बरगड्यांमधून सुई घालून फुफ्फुसाभोवती हवा भरायचे, म्हणजे आजारी फुफ्फुस मिटून विसावा घेई. सुई नेमक्या जागी गेली की नाही, ते सुईला जोडलेली, पाणी भरलेली यू आकाराची काचेची नळी सांगे. सुई जागेवर असली की छाती एका बाजूचं पाणी वर ओढायची आणि ते श्वासाबरोबर हलायचं. दोन्ही बाजूंच्या पातळ्यांतला फरक मोठ्याने सांगणं हे माझं, नर्सचं, काम.

त्या दिवशी टेबलावर माझा धाकटा भाऊ फेर्रुच्चो होता. शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचा. मास्तरकी तिथेही सुटली नव्हती.

"ताई, एक बाजू दोनने चढली नि दुसरी दोनने उतरली, तर किती?"

"चार. आता गप्प पड बघू."

"शाब्बास. माझ्या वर्गातली निम्मी पोरं दोनच सांगतात."

डॉक्टर बालेस्त्रांनी सुई घातली. पाणी हललं नाही. त्यांनी ती काढून जरा खाली घातली, मग पाठीकडून. फुफ्फुस बरगड्यांना चिकटून बसलं होतं, हवेला जागाच नव्हती. हल ना बाबा, हल, असं मी त्या पाण्याला मनात किती वेळा विनवलं.

"ताई, आकडा?"

"दोन्हीकडे सारखं," मी म्हणाले.

"म्हणजे शून्य." त्याने सदरा ओढून घेतला. "आईला चार सांग. कशाचे चार, हे काही ती विचारणार नाही."

दर रविवारी आई चेस्टनटच्या पिठाचा केक घेऊन वर यायची. आल्या आल्या विचारायची, "आज किती रे?" तो पाच म्हणाला, पुढे सहा. खोकल्याने बोलता येईना, तेव्हा बोटं दाखवू लागला. आई खूश. खाली गावात जो भेटेल त्याला सांगत सुटायची. मला तिचा तो आनंद बघवत नसे.

मार्चमध्ये तो गेला. आईने त्याचे केस नीट केले, कॉलरचं बटण लावलं आणि माझा हात धरला.

"शेवटी किती होते गं?"

"आठ, आई."

"आठ!" ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "चारावरून आठावर आलं होतं माझं लेकरू. मग गेलं कसं?"