वर्षावासातली पत्रं

बाबांना अन्न गिळता येईनासं झालं तेव्हा माझा भाऊ जगदीश अकोल्याच्या पुढे एका खेड्यात होता. त्याचं नाव आता सुमेध होतं. वैशाख पौर्णिमेला त्याने चीवर घेतलं आणि त्याच्या गुरूंनी, एका वृद्ध भन्तेंनी, त्याला आषाढापासून तीन महिने तिथल्या नव्या विहारात वर्षावासाला बसवलं. पावसाळ्यात भिक्षू एका जागी राहतात, गाव सोडून जात नाहीत. आम्हाला धम्म घेऊन सात महिने झाले होते, आणि वर्षावासाबद्दल आम्हाला एवढंच माहीत होतं.

जगदीशला घरातून पाठवलं होतं ते बाबांनीच. डिसेंबरात दादरच्या चौपाटीवर, बाबासाहेबांच्या चितेसमोर, लाखभर लोकांनी दीक्षा घेतली. त्यात आम्ही चौघंही होतो. घरी आल्यावर बाबा म्हणाले होते, "येवढी मानसं बौद्ध झाली, पन त्यांना शिकवनार कोन? बामन येनार काय?" मग जगदीशकडे बघून म्हणाले, "तू जा." जगदीश गोदीत कारकून होता. त्याने दोन दिवस विचार केला आणि राजीनामा दिला. फेब्रुवारीत तो गेला. बाबा तेव्हा निवडणुकीच्या धामधुमीत होते. दिवसभर गिरणीत रिंग खात्यात काम करायचं आणि संध्याकाळी समितीची पत्रकं वाटायची. चाळीत कुणी मुलाबद्दल विचारलं की सांगायचे, "आमच्या घरात पोरगी मानसांचं रक्त तपासते नि पोरगा मानसांचं मन तपासतो. आता मला काय काम नाय."

मी परळच्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होते. बाबांना आधी मीच तिथे नेलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात निदान झालं. अन्ननलिकेचा कॅन्सर, शस्त्रक्रियेच्या पलीकडचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन तीन महिने सांगितले. निदानाचा तपशील मी त्यांना पुन्हा विचारला नाही, कारण ऊतीचा काप मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता.

त्या रविवारी आई पत्र सांगायला बसली. आईला लिहिता येत नव्हतं. दर रविवारी ती तांदूळ निवडत सांगायची आणि मी पोस्टकार्डावर लिहायची. मी म्हटलं, "आज बाबांचं लिहायला हवं."

"नको."

"आई, तीन महिने."

"आयकलं मी. तरी नको. त्यानं घर सोडलंय. माझा चुलता गोसावी झाला तवा त्यानं जितेपनी सोताचं सराद घातलं व्हतं. माझी आजी मेली, मानसं त्याच्या मठावरनं मयत घेऊन गेली, पन कुनी त्याला हाक नाय मारली. हाक मारली का त्याचं व्रत मोडतं, नि त्याचं पाप घरच्यांच्या माथी."

"ते गोसाव्याचं झालं. आपण ते सगळं सोडलं ना?"

"देव सोडले," आई म्हणाली. "साधूपन कसं सोडनार? ते सगळीकडं सारखंच असतं."

 तिच्याविरुद्ध माझ्याकडे काही पुरावा नव्हता. चाळीत दर रविवारी वंदना घेणारे शामराव शेजारीच राहत. त्यांना विचारलं तर तेही म्हणाले, "भिक्षू म्हणजे संन्यासीच की. संसाराची वार्ता त्याला कशाला?" मग आईने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घातली. बाबा बरे आहेत, असं मी लिहिलं.

ते पहिलं पत्र. त्यानंतर मी आणखी आठ लिहिली. त्यात चाळीच्या बातम्या असत: पाणी आता सकाळी चारलाच येतं, रमाबाईच्या सुनेला मुलगी झाली, कामगार मैदानावर सभा झाली. सभा कशी झाली ते मी वर्तमानपत्रातून लिहीत असे, कारण बाबा आता जिना उतरत नव्हते. शेवटी "बाबांची प्रकृती उत्तम आहे" हे एक वाक्य. त्यातला उत्तम हा शब्द मी स्वतः घातला होता, आईने नुसतं "बरे" सांगितलं होतं.

जगदीशची उत्तरं वेळेवर येत. विहारात रात्रशाळा सुरू झालीय, चाळीस मुलं येतात. गावातल्या तिघांनी दारू सोडली. एका म्हातारीने घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले आणि मग रडत बसली. तिला काय सांगावं ते कळेना, म्हणून मी नुसता तिच्याजवळ बसलो, असं त्याने लिहिलं होतं. मला ते पत्र फार आवडलं.

बाबांना पत्रं मीच वाचून दाखवत असे. अडचण तिथे होती. बाबांना वाटत होतं, मुलाला सगळं कळवलंय.

"कळवलंस ना शैले?" त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. आई दारात उभी होती.

"हो बाबा."

त्यांनी मग प्रत्येक पत्र शेवटपर्यंत ऐकलं. शेवटी "बाबांस मंगल कामना" असं असायचं. ते वाट बघायचे, आणखी काही आहे का म्हणून. मी कार्ड उलटं करून दाखवायची.

"एवढंच?"

"एवढंच."

"चाळीस पोरं येतात म्हनतो," ते म्हणायचे. "चांगलं हाय." आणि भिंतीकडे तोंड करायचे.

ऑगस्टच्या शेवटी ते फक्त पातळ पेज घेत. वजन सदतीस किलो भरलं. शेजारच्या जाईबाई ताक घेऊन यायच्या आणि तोंडाला येईल ते बोलायच्या. एकदा म्हणाल्या, "काय ओ बुधाजीदादा, लेक भन्ते झाला नि बापाला बघायला येत नाय? असला कसला ह्यो धरम?"

बाबांचा आवाज तोवर घोगरा झाला होता. म्हणाले, "मीच धाडलाय त्याला. मीच बोललो व्हतो, मागं वळून बघू नको. आयकनारा पोरगा हाय माझा."

जाईबाई गेल्यावर ते मला म्हणाले, "पन येवढं आयकायला नको व्हतं."

मी चुलीशी बसलेल्या आईकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं. ती राख ओढत राहिली. त्या रात्री मी तिला म्हटलं, निदान बाबांना तरी सांगू या, त्याला काही ठाऊक नाही म्हणून. ती म्हणाली, "मग ते मला विचारतील का नाय कळवलं. नि कळव म्हनतील. मग मी काय करू?" तिला झोप नव्हती. ती कठोर नव्हती, हे इथे सांगायला हवं. मुलाचं व्रत मोडू नये म्हणून ती नवऱ्याचा रोष स्वतःच्या मनात जिरवत होती, आणि हे आपण दोघांसाठी करतोय असं तिला खरोखर वाटत होतं.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात प्रयोगशाळेत सिंहलद्वीपाचे एक वयस्क भन्ते आले. त्यांना मधुमेह होता. मी त्यांच्या लघवीचा नमुना साखर तपासायच्या निळ्या द्रवात घालून उकळायला ठेवला. द्रव विटकरी झाला. मी आकडा लिहून घेतला आणि कागद देताना त्यांना इंग्रजीत विचारलं, वर्षावासात बसलेल्या भिक्षूचे वडील मरणाला टेकले तर त्याने काय करायचं असतं?

"जायचं असतं," ते म्हणाले. "सात दिवसांसाठी जाता येतं. स्वतः भगवंतांची अनुज्ञा आहे."

"बोलावणं आलं तर?"

"आई-वडिलांच्या बाबतीत बोलावणंसुद्धा लागत नाही. आजारी आहेत एवढं कळलं तरी निघायचं. हे विनयात, भिक्षूंच्या नियमांत, आहे. तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?"

मी हो म्हटलं. त्यांनी कागद घडी करून झोळीत ठेवला आणि ते गेले. मला दोन महिने होते. विचारायला चार माणसं होती, विद्यापीठाचं ग्रंथालय होतं. बाटलीवरचं लेबल न वाचता मी प्रयोगशाळेत काही उचलत नसे, आणि इथे मी एका गोसाव्याच्या गोष्टीवर विसंबले होते.

परळच्या तारघरातून मी तार केली. घरी आल्यावर आईला सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. तिने मला ते तीनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "बोलावनं पन लागत नाय?"

"नाही."

ती खाली बसली.

मी आत जाऊन बाबांच्या कानाशी तोंड नेलं. जगदीशला काही माहीत नव्हतं, आता कळवलंय, तो येतोय, असं सांगितलं. त्यांचे डोळे अर्धे उघडे होते. आदल्या दिवसापासून मॉर्फिनची मात्रा वाढवली होती. मी हात दाबून पाहिला, पुन्हा सांगितलं. नाडी एकशे तीस होती. त्यांनी ऐकलं असं म्हणायला मला काही आधार नाही.

तार तालुक्याला पोचली, तिथून पोस्टाचा माणूस पूर आलेला ओढा उतरेपर्यंत दीड दिवस थांबला. बाबा तार केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. वरळीच्या स्मशानात शामरावांनी त्रिशरण म्हटलं. जगदीश चौथ्या दिवशी आला.

मुंडण केलेलं डोकं, खांद्यावर चीवर, हातात पात्र. चाळीतली माणसं गॅलरीत गोळा झाली आणि एकेक करून त्याच्या पाया पडली. आईही पडली. तो तिला हात लावू शकत नव्हता आणि ती त्याला. तिने जमिनीवर डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. तो तिथेच उभा राहून पुटपुटत होता, मंगल होवो, मंगल होवो. त्याचा आवाज मला ओळखू आला नाही.

त्याला खुर्ची दिली, आम्ही खाली बसलो. वाटेत तीन दिवस गेले होते. परत जायला दोन लागणार होते, म्हणजे हातात दोनच दिवस उरले. पहिल्या संध्याकाळी त्याने चाळीला उपदेश केला. अनित्यतेवर बोलला. चांगलं बोलला. जाईबाई पदराने डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी भोजन झाल्यावर त्याने मला विचारलं. आई मोरीत भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

"ताई, हा नियम मला चीवर घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात शिकवलाय. एक ओळ आली असती तरी मी निघालो असतो."

"आता कळतंय."

"बाबांना माहीत होतं ना, मला कळवलं नव्हतं म्हणून?"

आई मोरीतून म्हणाली, "व्हय. सगळं म्हाईत व्हतं त्यांना. खुशीत गेले."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याने आईकडे मान वळवली नाही. मी नऊ पत्रं लिहिली होती, दहावं खोटं मला बोलता आलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "त्यांना वाटत होतं तुला कळवलंय. तू येत नाहीस, असं वाटत होतं."

"काही म्हणाले?"

मी ते वाक्य सांगितलं. एवढं ऐकायला नको होतं, हे. शब्द न बदलता सांगितलं.

तो उठला नाही, रडला नाही. मांडीवरचं चीवर दोन्ही हातांनी सारखं केलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा सारखं केलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो गेला. निघताना आईला म्हणाला, "उपासिके, सुखी हो." तिला आई म्हणाला नाही. ते नियमाप्रमाणेच असेल. मी या वेळीही कुणाला विचारलं नाही.

आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपला. आता सात दिवसांचं बंधन नव्हतं, तो कधीही येऊ शकत होता. आई रोज दाराकडे तोंड करून बसायची. तो पुढच्या तालुक्यात गेला. त्याची कार्डं महिन्यातून एक येऊ लागली, चार ओळींची. रात्रशाळेचं, म्हातारीचं असं काही त्यात नसायचं.

नोव्हेंबरात चाळीतली माणसं समितीच्या प्रतापगडाच्या मोर्चाला जायच्या तयारीत होती. खाली घोषणांचा सराव चालायचा. एका रविवारी आई म्हणाली, "कार्ड घे. लिव, आईला ताप येतो. आठ दिस झाले, उतरत नाय. लवकर ये."

मी थर्मामीटर आणलं. तिच्या जिभेखाली दोन मिनिटं ठेवलं. साडेअठ्ठ्याण्णव.

"ताप नाही, आई."

"लिव."

"तुला काही झालेलं नाही."

"बापाचं खोटं लिवलंस तवा कुठं काच लावून बघितलीस? आता माझ्या बारीला मोजतेस?"

मी लिहिलं. नेहमीच्या अक्षरात, नेहमीच्या कार्डावर. आई ताप येतो म्हणते, असं लिहावं म्हणून मी पेन थांबवलं होतं, पण तसं लिहिलं नाही.

दहा दिवसांनी शामराव दारात आले. त्यांच्या हातात पोस्टकार्ड होतं. ते आत येईनात, उंबऱ्यातच घुटमळत राहिले.

"भन्तेंचं आहे," ते म्हणाले. "माझ्या नावावर आलंय. वहिनींच्या प्रकृतीचं विचारतात. तुम्ही स्वतः जाऊन बघा आणि काय खरं आहे ते तुमच्या हाताने कळवा, असं लिहिलंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "उद्या आम्ही मोर्चाला निघणार. म्हटलं आजच टाकावं. काय लिहू, वहिनी?"

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "बघितलंत नव्हं? जे बघितलं ते लिवा."

शामराव तिथेच उभे राहिले. तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि पुढचा गोळा परातीत घेतला.